मार्च एंड, फेलोशिप आणि आपल्या शाळेची मुलं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले काही आकडे लिहिताना भरले आहेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

व्यासपीठावर बसलेले सगळे सर आणि बाई, समोरची ‘अ’ तुकडी, ‘ब’ तुकडी, आणि इतकी वर्षं झाल्यावर आपली तुकडी कोणती हेच विसरलेले सगळेजण,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय तुझ्या मनाचा घे म्हणून सांगितलं. मग हळूच सुचवलंही, की ‘एआयमुळे नोकऱ्या जाणार का’ यावर बोललीस तर लोक जागे राहतील. त्याबद्दल आपण पंगतीत बोलू. तिथे प्रत्येकाचं मत तयारच असतं, माझी गरज पडणार नाही.

मला बोलायचंय ते संशोधनाकडे वळलेल्या आपल्या मुलांबद्दल. आपल्या वेळी दहावीला चांगले गुण मिळाले की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, एवढेच दोन दरवाजे होते. आता तसं राहिलेलं नाही. आपल्या शाळेची मुलं आयसरला जातात, विद्यापीठात भौतिकशास्त्रात, सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतात. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्यांचं अभिनंदन होतं, हारांची चित्रं पडतात, आणि मग तीन-चार वर्षं त्या मुलाचं काय चाललंय हे कुणीच विचारत नाही. मला ते कळतं, कारण त्यातली काही मला फोन करतात. विषय विज्ञानाचा नसतोच. “ताई, पाच महिने फेलोशिप आली नाही, खोलीचं भाडं थकलंय,” असे ते फोन असतात.

आधी एक स्पष्ट करते. मी शास्त्रज्ञ नाही. २००२ साली इंजिनिअर झाले आणि वीसएक वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. पण पदवीनंतरची पहिली दोन वर्षं मी एका संशोधन संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून काढली. संस्थेचं नाव घेत नाही. त्यात तिचा एकटीचा दोष नव्हता, आणि दुसरीकडेही तसंच होतं. उपकरणांमधून येणाऱ्या नोंदी वाचायच्या, त्यातल्या चुकीच्या गाळायच्या आणि तक्ते करून द्यायचे, असा प्रोग्रॅम मी तिथे लिहिला. काम मनापासून आवडायचं. करार सहा महिन्यांचा असायचा. सहा महिने भरले की मधे एक दिवसाचा खंड आणि पुन्हा नवा करार, म्हणजे सलग नोकरीचा हक्क सांगता येऊ नये. त्या एका दिवशी मी तरीही जाऊन बसायचे, कारण उपकरणं बंद नसायची. पगार एकदा पाच महिने आला नाही. घरून पैसे आले म्हणून मी टिकले. माझ्याबरोबर जळगावकडची एक मुलगी होती. तिच्या घरून येणं शक्य नव्हतं. ती तिसऱ्या महिन्यात एका क्लासमध्ये शिकवायला गेली ती गेलीच. आमच्या सगळ्यांत तिचा हात सर्वांत चांगला होता.

पुढे मी कंपनीत गेले. पहिल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पगार खात्यात जमा झाला तेव्हा काहीतरी चमत्कार घडल्यासारखं वाटलं होतं. आणि त्या प्रोग्रॅमचं काय झालं? पुढची दोन वर्षं नवीन आलेली मुलं मला फोन करून विचारायची, ही फाइल कशी उघडायची, हा आकडा कशासाठी आहे. मग फोन थांबले. तो संगणक भंगारात गेला आणि त्याच्याबरोबर प्रोग्रॅमही. आमच्या धंद्यात याला ‘बस फॅक्टर’ म्हणतात. म्हणजे संघातली किती माणसं उद्या बसखाली आली तर काम ठप्प होईल, ती संख्या. उत्तर ‘एक’ आलं की चांगला मॅनेजर घाबरतो. आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत हे उत्तर एक आहे, आणि त्या माणसाला बसखाली जावं लागत नाही. त्याचा करार संपतो.

आता सिस्टीम कुठे अडकते हे शोधणं हा माझा पोटाचा धंदा आहे. म्हणून हे फोन यायला लागल्यावर मी सवयीने पैशाचा माग काढायला बसले. पैसा दिल्लीतून निघतो आणि मुलीच्या खात्यात येतो, त्या वाटेवर किती टेबलं आहेत?

यूजीसीच्या फेलोशिपचं पाहा. मुलगी नेट परीक्षेत जेआरएफ मिळवते, म्हणजे देशभरातल्या स्पर्धेतून निवडली जाते. पैसे थेट तिच्या खात्यात येतात, हे उत्तमच. पण दर महिन्याला तिची नोंद विद्यापीठाने पोर्टलवर करायची असते. त्यासाठी दोन लॉगिन असतात, ‘मेकर’ आणि ‘चेकर’. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासून पुढे पाठवायचं. बँकेतली माणसं इथे बसलेली आहेत, त्यांना ही पद्धत माहीत आहे आणि ती चांगलीच पद्धत आहे. फक्त बँकेत चेकर रजेवर गेला तर दुसरा चेकर असतो. विद्यापीठात मेकर निवडणुकीच्या कामाला गेला तर त्या महिन्याची नोंद राहते. राहिलेली नोंद मग ‘मागील थकबाकी’ होते, तिचा वेगळा अर्ज, वेगळी सही. मुलगी गाईडकडे जाते, गाईड विभागप्रमुखांकडे पाठवतात, विभागप्रमुख लेखा विभागाकडे, आणि लेखा विभाग सांगतो, “आमच्याकडून गेलंय, दिल्लीत अडकलंय.” दिल्लीचा फोन लागत नाही. यात कुणी लबाड नाही हे लक्षात घ्या. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या परीने नियमाप्रमाणेच वागतो आहे. आमच्याकडे अशा बिघाडाला सर्वांत अवघड समजतात, कारण पकडायला चोरच नसतो.

रकमेचंही थोडं सांगते. जेआरएफ २०१० मध्ये महिना १६,००० रुपये होती, २०१४ मध्ये २५,००० झाली, २०१९ मध्ये ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,०००. वर घरभाडं. ऐकायला वाईट नाही. पण दोन वाढींच्या मधे चार-चार वर्षं गेलेली दिसतात. आपल्यातले जे सरकारी नोकरीत आहेत त्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा आपोआप बदलतो, त्यासाठी कुणाला रस्त्यावर बसावं लागत नाही. फेलोशिपला तसं काही नाही. २०१४-१५ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळा सोडून मोर्चे काढले, तेव्हा वाढ झाली. एक साधं सूत्र लिहून ठेवलं असतं, महागाई इतकी वाढली तर फेलोशिप इतकी वाढेल, तर हजारो तरुणांचे महिने वाचले असते. हे सूत्र लिहायला मला दहा मिनिटं लागतील. अंमलात यायला काय लागतं ते मला ठाऊक नाही.

आणि हे जेआरएफवाल्यांचं. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी आपल्या राज्यातल्या मुलांनी पुण्यात आणि मुंबईत किती उपोषणं केली ते आपण बातम्यांत पाहिलंय. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात तर ही मुलं पीएचडी करून काय दिवे लावणार, असा प्रश्न सभागृहात विचारला गेला. त्यावर बराच गदारोळ झाला. मला त्या प्रश्नाचा राग आला नाही, असं म्हणणार नाही. पण आपल्या कितीतरी घरांत, सोफ्यावर बसून, हाच प्रश्न याच शब्दांत विचारला जातो, तेही खरं आहे. सभागृहात तो आपल्याकडूनच गेलेला असतो.

प्रयोगशाळेला मिळणाऱ्या अनुदानाची गोष्ट वेगळी आणि जास्त मजेशीर. ‘मार्च एंड’ हा शब्द आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दुकानदाराला, शिक्षकाला, कंत्राटदाराला, सगळ्यांना. संशोधनाचा पैसाही आर्थिक वर्षाच्या हिशेबाने येतो. प्रकल्प तीन वर्षांचा मंजूर होतो, पण पैसे हप्त्याने. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं, ते तपासलं गेलं, की दुसरा हप्ता. तो कधीकधी जानेवारी-फेब्रुवारीत उगवतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो. अलीकडच्या काही वर्षांत शून्य शिलकीची खाती आली आहेत. पैसे संस्थेच्या खात्यात पडून राहत नाहीत, मर्यादा मंजूर असते, आणि वर्ष संपलं की न वापरलेली मर्यादा परत जाते. सरकारच्या बाजूने पाहिलं तर यात शहाणपण आहे. आधी कोट्यवधी रुपये कुठल्या कुठल्या खात्यांत व्याज खात पडलेले असायचे. पण प्रयोगशाळेतल्या उंदराला मार्च एंड कळत नाही. त्याला १ एप्रिललाही खायला लागतं. पेशी वाढवायचं द्रावण एप्रिलमध्ये संपतं आणि नव्या वर्षाची मर्यादा यायला जून उजाडतो. मधले दोन महिने कित्येक गाईड स्वतःच्या पगारातून सामान आणतात. मला माहीत असलेल्या एका बाईंनी तर दोन वर्षं उधारीवर रसायनं घेतली. पुरवठादार भला माणूस म्हणून निभावलं.

त्यात कर. वैज्ञानिक उपकरणांवर सार्वजनिक संशोधन संस्थांना ५ टक्के जीएसटी होता. जुलै २०२२ मध्ये ती सवलत गेली आणि १८ टक्के झाला. म्हणजे सरकारने दिलेल्या शंभर रुपयांतून एक मोठा घास सरकारकडेच परत. अनुदान मात्र आधीच मंजूर झालेलं, त्यात वाढ नाही. २०२४ मध्ये तर काही नामांकित संस्थांना मिळालेल्या संशोधन अनुदानावरच जीएसटी भरा म्हणून नोटिसा गेल्या. आयआयटी दिल्लीची नोटीस १२० कोटींची होती. खूप ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत ते अनुदान करमुक्त केलं गेलं. तसंच खरेदीचं. सगळी खरेदी सरकारी पोर्टलवरून करा, हा नियम खुर्च्या आणि छपाईयंत्रांसाठी ठीक आहे. विशिष्ट शुद्धतेचं रसायन जगात दोनच कंपन्या बनवत असतील तर ‘सर्वांत स्वस्त निविदा’ म्हणजे काय? जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांना यात बरीच सूट मिळाली. चांगलं झालं. सुटायला किती वर्षं लागली आणि तेवढ्यात किती पीएचडी लांबल्या, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

पीएचडी लांबली की काय होतं? जेआरएफची दोन आणि एसआरएफची तीन, अशी पाच वर्षं पैसे मिळतात. प्रयोगाची पीएचडी पाच वर्षांत संपली तर नशीबच. सहावं वर्ष बिनपैशाचं. म्हणजे उपकरण उशिरा आलं हा दोष व्यवस्थेचा, आणि त्याची किंमत मोजायची तिशीला टेकलेल्या मुलीने.

देशाच्या पातळीवरचे आकडे एकदाच सांगते, कंटाळू नका. आपण संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. हा २०२०-२१ चा आकडा आहे. चीन २ टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण कोरिया साडेचारच्या वर. रुपयांत पाहिलं तर आपला खर्च २०१०-११ मध्ये सुमारे ६० हजार कोटी होता तो दहा वर्षांत सव्वा लाख कोटींच्या वर गेला, म्हणून भाषणांत ‘दुप्पट केला’ असं येतं आणि ते खोटं नसतं. फक्त देश त्याहून वेगाने वाढला. आणि आपण सरकारला नावं ठेवतो तेव्हा हेही पाहावं, की या खर्चात खाजगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास आहे. पुढारलेल्या देशांत तो बहुतेक ठिकाणी याच्या उलट, दोन तृतीयांशाच्या घरात असतो. मी ज्या उद्योगात आहे त्यानेही यात फार उजेड पाडलेला नाही.

२०२३ मध्ये कायदा होऊन अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटी. वाचून मला आनंद झाला होता. मग तपशील वाचला. त्यातले १४,००० कोटी सरकार देणार आणि ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून येतील अशी अपेक्षा. लग्नाच्या खर्चाच्या यादीत ‘आहेरातून येतील’ असं लिहून मांडव घालणाऱ्याची आठवण झाली. २०२५ मध्ये आणखी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली. तो निधी मुख्यतः कंपन्यांना स्वस्त आणि दीर्घ मुदतीचं कर्ज द्यायला आहे. तीही हवीच. पण त्यातला एक रुपयाही त्या मुलीच्या मेसच्या बिलापर्यंत पोचत नाही. आपण मोठी धरणं बांधतो आहोत आणि चाऱ्या बुजलेल्या आहेत. शेतीवाल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आता शोधनिबंधांबद्दल. संशोधकाचं मोजमाप कशावर? किती पेपर छापले यावर. एका कंपनीत आमच्याकडे टूम निघाली होती, कोण किती ‘बग’ बंद करतो त्यावर बढती. तीन महिन्यांत आमच्या प्रोग्रॅममध्ये इतके किरकोळ बग सापडायला लागले की विचारू नका. बटणाचा रंग किंचित फिका, एक बग. पुन्हा गडद केला, बग बंद, पाठीवर थाप. खरा अवघड बिघाड कुणी हातात घेईना, कारण त्याला महिना लागणार आणि मोजताना तो एकच धरला जाणार. संशोधनात हेच देशभर झालं. प्राध्यापकाच्या बढतीसाठी पेपर, पीएचडीचा प्रबंध सादर करायला पेपर. मग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. व्हॉट्सअॅपवर ‘सात दिवसांत पेपर छापून मिळेल’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी केली. ती तपासायचं काम पुण्याच्या विद्यापीठातल्या मंडळींनी केलं आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापलं. तपासलेल्या हजारभर नियतकालिकांपैकी ८८ टक्के कुचकामी किंवा संशयास्पद निघाली. सरकारी यादीतली! त्या वेळी यादीतून हजारो नावं काढली, नवी काटेकोर यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चालायचं. २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएचडीसाठी पेपरची सक्ती २०२२ च्या नियमांत काढली गेली, हे मला योग्य वाटतं. पण नोकरीसाठी मोजणी चालूच आहे, त्यामुळे दुकानं काही बंद झालेली नाहीत. ज्याच्याकडे वर्षाला सहा पेपर आहेत तो पुढे, आणि जी मुलगी एकच प्रयोग तीनदा करून खात्री करते ती मागे.

पुढे काय, हा प्रश्न मुलांचे आईवडील मला विचारतात. २०१४-१५ मध्ये देशात पीएचडी करणारे १ लाख १७ हजार होते, २०२१-२२ मध्ये २ लाख १३ हजार. जागा त्या मानाने वाढलेल्या नाहीत. आपल्या राज्यात तर प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं अडलेली आणि महाविद्यालयं तासिका तत्त्वावर चाललेली. आपल्याच वर्गातला एकजण आज इथे आहे. नाव घेऊ नकोस असं त्याने बजावलंय. रसायनशास्त्रात पीएचडी, परदेशात तीन वर्षं काम, आईच्या आजारपणासाठी परत आला. तोवर बऱ्याच योजनांची वयोमर्यादा ओलांडली होती. आता दोन महाविद्यालयांत तासांवर शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. तो मला म्हणाला, “मी शाळेत तुझ्यापेक्षा हुशार होतो ना?” होतास रे. सगळ्यांना माहीत आहे.

मुलींचं तर विचारूच नका. विज्ञान शाखेच्या उच्च शिक्षणात २०२१-२२ मध्ये ५२ टक्के मुली होत्या, निम्म्याहून जास्त. प्रत्यक्ष संशोधनाच्या कामात असलेल्यांत बायका पाचांमागे पुरती एकही नाही. मधल्या बायका गेल्या कुठे? कायम नोकरी मिळायचं वय आणि मुलं होण्याचं वय एकच आहे, आणि सहा महिन्यांच्या करारावर सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा कुणी मागायची? केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याची खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी योजना आहे, चांगली आहे, पण तीही प्रकल्पापुरतीच. तीन वर्षांनी पुन्हा तोच रस्ता.

असं बोललं की कुणीतरी हमखास कातालिन कारिको यांचं उदाहरण देतं. अमेरिकेत त्यांना अनुदानं मिळेनात, १९९५ मध्ये विद्यापीठाने पदावरून खाली आणलं, तरी चिकाटी सोडली नाही, त्यांच्या कामावर कोविडची लस उभी राहिली आणि २०२३ मध्ये नोबेल मिळालं. शाळांमधून ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगतात. मला ती ऐकून धडकी भरते. त्यांनी १९९५ मध्ये दुसरी नोकरी धरली असती तर? तशी धरलेल्या माणसाची गोष्टही आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. डग्लस प्रॅशर. जेलीफिशमध्ये एक हिरवं चमकणारं प्रथिन असतं, त्याचा जनुक त्यांनी वेगळा काढून १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्या कामाला अनुदान मिळालं नाही. तेव्हा त्यांनी तो जनुक दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांना टपालाने देऊन टाकला. २००८ मध्ये त्या प्रथिनावरच्या कामाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा प्रॅशर अलाबामा राज्यात मोटारींच्या एका दुकानात ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. नोबेल मिळालेल्यांनी त्यांची आठवण मोकळेपणाने ठेवली, पुढे त्यातल्या एकाने आपल्या प्रयोगशाळेत कामही दिलं. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही. फरक इतकाच, की तिथे शेकडो प्रॅशर गळाले तरी शेकडो उरतात. आपल्याकडे दहा लाख लोकांमागे संशोधक आहेत अडीचशेच्या जरा वर.

सगळं काळंच आहे असं समजून कुणी पोरांना अडवू नका. नारायणगावहून जाताना खोडदच्या बाजूला त्या मोठ्या तबकड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी. गोविंद स्वरूप यांनी ऐंशीच्या दशकात ती कल्पना मांडली, आणि पोलादी दोरांवर ताणलेल्या जाळीची तबकडी असा स्वस्तातला आराखडा इथेच तयार झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्था मागे उभी राहिली, एकदोन नाही, अनेक दशकं. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद गुणगुणण्याचा पुरावा जगभरातल्या गटांनी मांडला, त्यात याच दुर्बिणीच्या नोंदी होत्या. अशा कामाला दर सहा महिन्यांनी एक दिवसाचा खंड दिला असता तर जाळी विणायला माणूसच उरला नसता. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. जिथे माणसं आणि पैसा टिकवले तिथे जमलंय.

आता मुद्द्याचं. माजी विद्यार्थी संघाकडे या मेळाव्यातून निधी जमतो आहे. त्यातून प्रयोगशाळेला नवी कपाटं आणि रंगकाम होणार आहे, ते व्हायलाच हवं. आपली ती सूक्ष्मदर्शकं अजून तिथेच आहेत, बाईंनी काल दाखवली. माझी मागणी आहे की त्याच्या जोडीला सहा लाखांचा एक फिरता निधी ठेवावा. आपल्या शाळेचा जो विद्यार्थी पीएचडी करतोय आणि ज्याची मंजूर फेलोशिप अडकली आहे, त्याला महिना १५,००० पर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, बिनव्याजी. थकबाकी आली की तीन महिन्यांत परत. दान नाही, उसने. नावं ग्रुपवर जाहीर करायची नाहीत, सत्कार करायचा नाही. पहिले एक लाख मी भरले आहेत, हे सांगावं लागतंय कारण हिशेब उघडा असायला हवा.

कार्यकारिणीच्या बैठकीत एकाने विचारलं, सरकारचं काम आपण का करायचं? प्रश्न रास्त आहे. आपण भरलं की तिकडच्या टेबलावरची घाई आणखी कमी होईल, हेही शक्य आहे. म्हणून निधीबरोबर एक वही ठेवायची. कागदाची नाही, मी एक छोटा प्रोग्रॅम करून देते. नोंद कोणत्या तारखेला झाली, पुढे कधी गेली, पैसे कधी आले. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक महिन्याच्या तीन तारखा. वर्षभरात कोणत्या टेबलावर किती दिवस जातात ते दिसेल. मग दहा रुपयांचा माहितीच्या अधिकाराचा अर्ज, आणि आपल्या खासदारांना एक पत्र, ज्यात तक्रार नसेल, फक्त तारखा असतील. आपल्यातले तिघे वकील आहेत, दोघे लेखा खात्यातून निवृत्तीला आलेत. एवढं आपल्याला जमेल. दुसऱ्या शाळांनी उचललं तर प्रोग्रॅम फुकट आहे, आणि या वेळी तो एकाच संगणकावर नसेल.

ज्यांची मुलं बारावीला आहेत आणि ‘मला फिजिक्सच करायचंय’ म्हणून हटून बसली आहेत त्यांनी मला जेवणानंतर भेटावं. घाबरवणार नाही. कोणत्या गाईडकडे पैसे वेळेवर येतात, कुणाची मुलं किती वर्षांत बाहेर पडतात, हे प्रवेश घेण्याआधी कसं विचारायचं ते सांगेन. वसतिगृहातल्या चौथ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजला की सगळं कळतं.

निधीचा अर्ज एका पानाचा आहे. ग्रंथालयाच्या दाराशी टेबल मांडलंय, तिथे ठेवलाय. पावती लगेच मिळेल. पहिली पंगत एक वाजता बसतेय, तोपर्यंत मी त्या टेबलापाशीच आहे.